कडुबा मामाची चपलांची पाटी

माझी खिडकी तिकिटाची, पण माणसं माझ्याशी भांडायला येतात ती चपलांवरून. "मॅडम, तो म्हातारा बूट काढायला लावतोय. नवे बूट आहेत, गेले तर जिम्मेदार कोण?" मी म्हणते, "दादा, बूट चोरणाऱ्याला या खिडकीपुढूनच जावं लागतं. माझ्यापुढून आजवर माझा नवराबी न विचारता गेलेला नाय." मग ते हसतात, बूट काढतात आणि बांबूच्या पाटीत टाकतात. दिवसातून तीस-चाळीस वेळा हेच बोलायचं. संध्याकाळी घरी गेल्यावर पोरीनं काही विचारलं तरी तोंड उघडायचा कंटाळा येतो.

पडेगाव मागं पडलं आणि दौलताबादचा रस्ता धरला की आमचं पार्क लागतं. मुळात ती दगडाची खदान. दगड संपला, खड्ड्यात पाणी साचलं, तेव्हा मालकानं भोवती हिरवळ लावली, मधे उरलेल्या खडकाचा टापू केला, टापूवर फोटो काढायला सिमेंटचा मोर बसवला आणि एक बोट आणली. लोकांना ते तळं वाटतं. तळ्याला उतार असतो, खदानीला नसतो. काठाची दोन पावलं गुडघाभर पाणी, तिसरं पाऊल टाकलं की चाळीस फूट. तसा बोर्ड लावलाय, पण लोक त्या बोर्डालाच टेकून फोटो काढतात.

त्या बोटीवर कडुबा मामा. जातीचा भोई, वय सासष्ट, काळा, काटक, दोन्ही गुडघे गेलेला. माझ्या नात्यागोत्यातला नाय, पण वयानं मोठा म्हणून मामा. बोटीला तो बोट म्हणत नाय, नाव म्हणतो.

आणि बाई गं, त्याचे नियम! नाव म्हणजे आई, तिच्यात चपला घालून चढायचं नाय. चढायच्या आधी ओंजळीत पाणी घेऊन कपाळाला लावायचं. निघताना 'जातो' म्हणायचं नाय, 'येतो' म्हणायचं. कुणी शिंकलं की पाच मिनिटं थांबायचं, मग मागं कितीबी लाईन लागो. नावेच्या नाकाला हिरव्या काचेच्या सात बांगड्या बांधलेल्या, साती आसरांच्या नावानं, म्हणजे पाण्यात राहणाऱ्या सात जणींच्या. त्यातली एखादी फुटली की मामा शहागंजात जाऊन नवी आणणार, बांधणार, तोवर नाव जागची हलायची नाय. अमावस्येला पाण्याला दहीभात.

आणि नावेत बसून 'बुडालं' हा शब्द काढायचा नाय. एकदा आमचा मॅनेजर इंद्रजीत नावेत बसून फोनवर कुणाला तरी सांगत होता, "अरे, त्याचा सगळा धंदा बुडाला." मामानं मधोमध वल्हं आत घेतलं. म्हणाला, "साहेब, आधी थुंका आन् 'तरला' म्हणा." इंद्रजीत मालकाचा भाचा, शिकलेला, हातात दोन-दोन मोबाईल. दहा मिनिटं उन्हात बसून राहिला आणि शेवटी ओरडला, "तरला बाबा, तरला!" मी खिडकीत हसून हसून बेजार.

पण सगळ्यात कडक नियम एकच. नावेतली माणसं मोजायची नाय. "पाण्याला आकडा ऐकू गेला की ते त्यातलं एक उणं करतं," असं मामा म्हणायचा. मग सगळी परत आली का नाय हे कळायचं कसं? माझं तिकीट पार्कात शिरायचं, नावेत कोण बसलं ते त्यावरून कळत नाय. त्यासाठी ती पाटी. चढायच्या आधी ज्यानं त्यानं आपल्या चपला काठावरच्या बांबूच्या पाटीत टाकायच्या, परत आल्यावर आपापल्या घालायच्या. पाटी रिकामी झाली म्हणजे सगळी आली. एखादा जोड उरला तर कुणीतरी मागं राहिलं. त्याचा बाप असंच करायचा, आजाबी असंच करायचा. पहिल्यांदा मला हा येडेपणा वाटला. मग वाटलं, वाईट नाय. माणूस खोटं बोलंल, चप्पल कशाला खोटं बोलंल?

मामा मागच्या दिवाळीच्या तोंडावर इथं आला. पैठणच्या वर, धरणाच्या फुगवट्याच्या काठी त्याचं गाव. तिथं जन्मभर नाव चालवली, जाळी टाकली. बायको सत्यभामा. "तिला पाण्यानं नेलं," एवढंच तो सांगायचा, पुढं विचारलं की बिडी पेटवायचा. ती गेल्यावरबी बारा-तेरा वर्षं त्यानं तिथंच काढली, लेक वाढवली, तिचं लग्न लावलं. मग गुडघे गेले, नाव विकली आणि हर्सूलला त्या लेकीकडं, सोनियाकडं, आला. लेक चांगली, जावईबी सोन्यासारखा. पण लेकीच्या घरचा घास बापाच्या घशाखाली उतरत नाय. दोन महिन्यांत बाहेर पडला आणि हे काम धरलं. मालकानं काठावरची पत्र्याची खोली दिली. एक खाट, एक शेगडी, दारातून पाणी दिसतं.

"ताई, हितून मला आता चौघांच्या खांद्यावरच काढायचं," असं तो म्हणायचा. "लेकीच्या वट्यावर बसून भाकरीची वाट बघायची येळ नको, बस. दुसरं काय मागणं नाय."

खरं सांगते, तो जायला मलाबी नको होता. त्याच्या आधीचे दोघं दुपारीच पिऊन आडवे व्हायचे. उन्हाळ्यात एकदा खिडकीत मला चक्कर आली, तर हा गुडघे दुखतात ते विसरून पळत आला, ओल्या गमछ्यानं माझं तोंड पुसलं, मला सावलीत झोपवलं आणि तासभर माझ्या जागी बसून लोकांना सांगत राहिला, "आज ताईला बरं नाय, तसंच जावा." त्या दिवशी इंद्रजीतनं आम्हा दोघांनाबी झाप झाप झापलं. पण असं सख्ख्या भावानं तरी केलं असतं का, कुणास ठाऊक.

गणपती झाले आणि वरून कागद आला. कुठंतरी लांब एक बोट उलटली होती, म्हणून आता सगळीकडं नवा नियम. इंद्रजीतनं मामाला खिडकीपाशी बोलावून वाचून दाखवला.

"काका, साधं काम आहे. जाताना माणसं मोजायची, येताना मोजायची, मोठ्यानं. मंजुषाताई वहीत लिहितील, तुम्ही सही करायची."

"चपला हायेत की साहेब."

"चपला तपासणीला चालत नाहीत."

"मंग माझ्याच्यानं नाय व्हायचं."

"नाही व्हायचं तर मला दुसरा माणूस बघावा लागेल. घटस्थापनेपासून सुरू करायचंय. आणि काका, खोली बोटवाल्याची असते. ती पण मग त्यालाच द्यावी लागेल."

मामा तसाच वळला. नावेकडं गेला आणि फडकं घेऊन कोरडी नाव पुसत बसला. आता त्याच्यापुढं दोनच वाटा होत्या, मोजायचं नायतर लेकीचा वटा धरायचा. हे इंद्रजीतला माहीत नसंल, मला पक्कं माहीत होतं.

मी समजावायला गेले. म्हणलं, "मामा, आमच्या खळ्यावर माझा बाप ज्वारी मापायचा तेव्हा पहिल्या मापाला एक कधी म्हणायचा नाय. लाभ म्हणायचा. लाभ, दोन, तीन. तुमीबी तसं म्हणा की. नजर लागत नाय, आकडाबी होतो."

"दाणं निराळं, माणसं निराळी," मामा म्हणाला.

"अहो, पाण्याला काय कळतंय?"

"पाण्याला समदं कळतं."

"मंग बसा जाऊन लेकीच्या वट्यावर!" मी चिडून बोलले. बोलले आणि जीभ चावली. त्यानं वर बघितलंबी नाय, फडकं पिळत राहिला. त्या रात्री मला भाकरी गोड लागली नाय.

शेवटी मीच डोकं लढवलं. माझ्या खिडकीतून पाटी समोर दिसते. म्हणलं, "मामा, तुमी मोजू नका, मी मोजते. माणसं नाय, चपला. चपला मोजल्या तर पाण्याचं काय जातंय?" मामानं पाटीकडं बघितलं, मग पाण्याकडं. "चपला कोरड्यावर हायेत," तो म्हणाला, "मोज." मग मी पाटीत किती जोड ते बघायचे आणि तेवढी माणसं वहीत लिहायचे. मामा वाकडीतिकडी सही करायचा. इंद्रजीत जवळ असला की मामा नुसते ओठ हलवायचा आणि मी खिडकीतून मोठ्यानं म्हणायचे, "नऊ म्हणाले मामा, नऊ!" पहिल्या माळेपासून चौथ्या माळेपर्यंत सगळं बिनबोभाट. मला माझ्या अकलेचा लई गर्व झाला होता, खोटं कशाला बोलू.

पाचव्या माळेला खुलताबादकडच्या एका बचत गटाच्या बाया आल्या. कर्णपुऱ्याच्या देवीचं दर्शन करून दोन जीपांमधून परत निघालेल्या, वाटेत पार्क दिसलं म्हणून उतरल्या. उपासानं आणि जत्रेच्या गर्दीनं सगळ्या दमलेल्या, तरी मोराजवळ फोटो पाहिजेच. पाच वाजत आले होते. माझे पाय सुजलेले. बायांनी चपला काढल्या, 'येतो' म्हणल्या, नाव निघाली. मी खिडकीतून पाटी बघितली. चौदा जोड. वहीत चौदा लिहिलं.

नाव टापूला लागली. मला जरा फुरसत मिळाली म्हणून झाडू घेऊन खाली उतरले. पाटीजवळ झाडताना बघते तर त्यात मामाच्याच चपला. टायरच्या, डाव्या अंगठ्याला तार बांधलेली, शंभरात ओळखू येणाऱ्या. म्हणलं, म्हातारा चळला, स्वतःच्याच चपला पाटीत टाकून गेला. आणि माझा आकडा एकानं फुगला ना! तपासणीवाला आज आला तर काय सांगणार? मी त्या चपला उचलल्या, त्याच्या खोलीच्या दारात नीट जोडून ठेवल्या, परत येऊन वहीतला चौदा खोडला आणि तेरा केला. मनात म्हणलं, मंजे, तू होतीस म्हणून निभावलं.

साडेपाचला वारा सुटला. भरलेली नाव हलायला नको म्हणून मामानं बायांना दोन फेऱ्यांमधे आणलं. वर रस्त्यावर जीपवाले हॉर्न वाजवून वाजवून जीव खात होते. बाई उतरायची, चपला पायात अडकवायची आणि पळत सुटायची, कुणी या जीपमधे, कुणी त्या. दुसऱ्या फेरीला मामानं टापूवर विचारलंबी, "आल्या का समद्या?" सगळ्या एका तोंडानं ओरडल्या, "आल्या, आल्या!" पाटी रिकामी झाली. मी लिहिलं, परत तेरा. जीपा गेल्या. मी खिडकीचं शटर ओढायला लागले.

मामानं पाटीत डोकावून बघितलं. मग नाव बांधली, काठावर बसून पाय धुतले आणि इकडंतिकडं काहीतरी शोधत अनवाणीच खोलीकडं गेला. दोन मिनिटांत परत आला. हातात त्या चपला.

"ताई, ह्या माझ्या दारात कुणी ठिवल्या?"

"मीच. पाटीत टाकून गेला होता ना तुमी. वय झालं मामा आता."

"पाटीतनं तू काढल्या?"

"व्हय. का?"

"त्या बाईनं नाय काढल्या?"

"कोणत्या बाईनं?"

मामाच्या हातातून चपला खाली पडल्या. "एक अनवाणी होती," तो म्हणाला. "नवसाची. तिच्या नावानं ठिवल्या होत्या म्या. आल्यावर तूच काढ म्हणून सांगितलं होतं तिला."

नवरात्रात अनवाणी चालणाऱ्या बाया मी जन्मभर बघितल्यात. माझी सासू चालायची, टाचा फुटून रक्त यायचं तरी चालायची. आणि मी शहाणी चपला बघून माणसं लिहीत होते. मामानं स्वतःच्या चपला टाकून त्या बाईला आकड्यात घेतलं होतं, आणि मी तिला माझ्या हातानं खोडून टाकलं.

मामा नाव सोडत होता. मीबी उडी मारून चढले. पायातल्या चपला काढायचं भान मला नव्हतं आणि काढ म्हणायचं त्यालाबी नव्हतं. कपाळाला पाणी नाय, 'येतो' नाय, काही नाय. ऊन गेलेलं, पाणी काळं दिसायला लागलेलं. मामा वल्हं मारत होता आणि दर खेपेला गुडघ्यातली कळ त्याच्या तोंडातून बाहेर पडत होती. मी हाक मारायला तोंड उघडलं तर म्हणाला, "हाक मारू नको. हाक ऐकली की माणूस पुढं येतं."

मोराच्या पलीकडच्या अंगाला ती दिसली. पाण्यात उभी. साडी गुडघ्यापर्यंत वर धरलेली, एक पाऊल पुढं टाकायच्या बेतात. समोर काठ दिसत होता, पाण्यातला दगड दिसत होता, तिला उथळ वाटणारच.

"बाय," मामा अगदी हळू म्हणाला, घरातल्या लेकीशी बोलावं तसं. "तितंच थांब. पाय हलवू नको. नाव आली."

"मामा, माझ्या बाया गेल्या ओ," ती म्हणाली. "मला मोराच्या मागं चक्कर आली. जरा टेकले तर डोळाच लागला. लई हाका मारल्या मी, वाऱ्यात नि हॉर्नात कुणाला ऐकू गेल्या नाय."

"आली ना नाव. थांब."

त्यानं नाव आडवी लावली, तिचा हात धरला आणि ती आत माझ्या अंगावर येऊन पडेपर्यंत सोडला नाय. मेघा तिचं नाव. बावीस-तेवीसची असंल. उपासानं अंग गार पडलेलं. ती जिथं उभी होती तिथून हातभर पुढं मामानं वल्हं उभं करून पाण्यात सोडलं. ते मुठीपर्यंत आत गेलं तरी तळाला लागलं नाय. मेघानं ते बघितलं आणि मग मोठ्यानं रडायला लागली. मीबी तिच्यासोबत रडले, काय लपवायचं.

काठावर आणून तिला चहा पाजला. तिचा मोबाईल सासूच्या पिशवीत होता. माझ्या फोनवरून लावला तेव्हा जीपा दौलताबादच्या पुढं घाटात पोचल्या होत्या. या जीपमधल्यांना वाटलं ती त्या जीपमधे, त्यांना वाटलं या. सासू फोनवर ओरडतच होती, "आमची मेघा? तिथं कशी?"

तेवढ्यात इंद्रजीत आला. त्याला कुणीतरी गेटवरून फोन केला होता. त्यानं वही उघडली, खोडलेला चौदा बघितला. मी सगळं सांगून टाकलं. चपला, माझी अक्कल, दारात नेऊन ठेवलेला जोड, सगळं. म्हणलं, "साहेब, चूक माझी आहे, मामाची नाय. काढायचं तर मला काढा." पोराचा चेहरा पांढरा पडला होता. तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं, पण ओरडला नाय.

"काका," तो एवढंच म्हणाला, "नुसतं मोजलं असतं तर?"

मामा पायरीवर बसला होता. बिडी हातात होती, पण पेटवली नव्हती.

"सत्यभामाच्या येळंलाबी समद्यांनी हेच इचारलं," तो म्हणाला.

मेघानं चहाचा कप खाली ठेवला, मामा सांगत राहिला.

"त्या साली माझी नवी नाव झाली. नावेला काय होऊ नाय म्हणून तिनं नवस बोलला. नऊ दिस अनवाणी. माझ्याच नावेसाठी. आठव्या माळेला बाया घेऊन पल्याडच्या देवीला गेलो. चपला अल्याडच्या काठाला, पाटीत. येताना वारं होतं, अंधारून आलं होतं. बाया उतरल्या, चपला घातल्या, पाटी रिकामी झाली. म्या म्हणलं, आल्या समद्या. घरला गेलो तर चूल इझलेली. पोरगी म्हणाली, आई कुठंय?"

त्यानं बिडी बोटात फिरवली.

"ती देवळामागं राहिली होती. नाव निघालेली बघून पाण्यात उतरली. तिथं पाण्याखाली आमच्या जुन्या गावची शेतं हायेत, कमरंएवढंच पाणी. तिला ठावं होतं. पर शेतात इहीर असती, ती ध्यानात राहिली नाय."

"म्हणजे मोजलं असतं तर..." इंद्रजीत बोलता बोलता थांबला.

"आली असती," मामा म्हणाला. "म्हणून तर मोजत नाय साहेब. आज मोजाया लागलो तर त्या दिशी मोजता आलं असतं हे कबूल करावं लागतं. पाण्यानं नेली, पाण्यानं नेली म्हणत एवढी वर्सं काढली. चपला टाकल्या अनवाण्या माणसाच्या नावानं, तेवढंच केलं. आता लई थकलोय बघा."

मला वाटलं होतं हा म्हातारा पाण्याला भितो. तो पाण्याला भीत नव्हता. त्या दिवशीचा माझा टोमणा आठवून मला स्वतःचीच लाज वाटली.

इंद्रजीतनं वही मिटली. "काका, मला कळतंय. पण आज ही पोरगी गेली असती. उद्या सकाळी मोजा. नाहीतर मी तुम्हाला ठेवू शकत नाही."

"व्हय," मामा म्हणाला.

जीप परत आली तेव्हा पुरता अंधार पडला होता. सासूनं उतरता उतरता मेघाला दोन शिव्या घातल्या आणि मग गळ्यात पडून रडली. मेघा निघाली तेव्हा मामानं आपल्या चपला उचलून पुन्हा रिकाम्या पाटीत ठेवल्या. म्हणाला, "बाय, आता तू काढ." तिनं त्या काढल्या, त्याच्या पायापुढं ठेवल्या आणि वाकून नमस्कार केला. मग मामानं त्या घातल्या.

सहाव्या माळेला मी अर्धा तास लवकर आले. मामाच्या खोलीचं दार उघडं होतं. खाटेवर वळकटी बांधलेली, शेगडी धुऊन पालथी घातलेली, भिंतीवरचा देवीचा फोटो काढून पिशवीत ठेवलेला. म्हणलं, चालला हा हर्सूलला. बाहेर बघते तर मामा नावेपाशी होता. बांगड्यांना पाणी लावत होता.

दहा वाजता पहिली फेरी. वाळूजच्या कंपनीतली पोरं, दोन-तीन जोडपी, एक टोपीवाला जाड माणूस. सगळ्यांनी चपला-बूट पाटीत टाकले, कपाळाला पाणी लावलं, बसले. इंद्रजीत माझ्या खिडकीशेजारी हाताची घडी घालून उभा. मामा नावेच्या नाकाशी उभा राहिला आणि उभाच राहिला. माणसं चुळबुळ करायला लागली. एक पोरगं म्हणालं, "चला ना काका, ऊन लागतंय." मी वही उघडून पेन धरलं होतं, पण माझं लक्ष त्या उघड्या दारातल्या वळकटीकडं होतं.

मग मामानं पुढं होऊन त्या टोपीवाल्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवला.

"सत्यभामा," तो म्हणाला.

माणूस दचकून वर बघायला लागला. मामा पुढं सरकला.

"दोन. तीन. चार." प्रत्येकाच्या खांद्याला हात लावत, मोठ्यानं, पाण्याला ऐकू जाईल असं. सातला त्याचा आवाज फाटला, पण थांबला नाय. "धा. अकरा."

"येतो," म्हणाला आणि नाव ढकलली.

इंद्रजीतनं माझ्याकडं बघितलं. "पहिल्याला काय म्हणाले काका? मला नीट ऐकू आलं नाही."

"लाभ म्हणाले," मी म्हणलं. "आमच्याकडं पहिल्याला एक म्हणत नाय साहेब, लाभ म्हणतात."

"बरं," तो म्हणाला आणि ऑफिसात गेला. मी वहीत लिहिलं, अकरा.

पाऊण तासानं नाव परत आली. मामानं कुणाला उठू दिलं नाय. आधी नाव काठाला घट्ट बांधली, मग त्या टोपीवाल्याला हात देऊन उतरवलं आणि पुन्हा तसंच मोठ्यानं म्हणाला, "सत्यभामा." मग दोन, मग तीन, मग बाकीचे. पाटी रिकामी झाली. मी परतीच्या रकान्यात अकरा लिहिलं. मामा सही करायला खिडकीशी आला, पेन हातात घेतलं आणि म्हणाला, "ताई, दुपारी जरा ती वळकटी सोडाया हात लाव. गाठ लई घट्ट बसलीय."